अळणी पेज

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेजेच्या टोपात मीठ घालायला बरणी उघडली आणि सासूने माझं मनगट धरलं.

"काय करतंस गो?"

"मीठ घालतंय, आये."

"आमच्यात पेजेत मीठ घालनत नाय."

एवढंच बोलली, पण मनगट लगेच सोडलं नाही. सुक्या मासळीच्या पाट्या वाहून वाहून तिचा हात लाकडासारखा झालेला. मी झाकण लावलं. देश तसा वेश, म्हटलं. माझ्या माहेरी मिठाशिवाय पेज कुणी तोंडाला लावत नसे, पण माहेरच्या रीती तिसऱ्याच दिवशी ऐकवणाऱ्या सुनेचं काय होतं ते मला ठाऊक होतं. आणि नवल म्हणजे, पेज अळणी लागलीही नाही.

याला आता बावीस वर्षं झाली.

आमच्या वाडीचं नाव गोडीबाव. बाव म्हणजे विहीर. समुद्रापासून तीनशे पावलांवर जांभ्या दगडात बांधलेली चौकोनी बाव, तिच्यावरून वाडीला नाव पडलेलं. ती खणली भिकातात्या मालंडकरांच्या आजोबांनी. तात्या आमच्या वाडीचे म्होरके. देवळाच्या कट्ट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, की एके काळी लांबलांबची गलबतं केवळ पाणी भरायला आमच्या बंदरात नांगर टाकायची. त्या पाण्याचा पहिला घोट घेतला तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. माझा नवरा सदानंद हसला. म्हणाला, "दर्याकडचा पाणी आसा, जरा जड लागता. आठ दिवसांनी तुका कळाचा पण नाय." मग तो ट्रॉलरवर निघून गेला, आणि आठ दिवसांनी मला खरंच कळेनासं झालं.

वाडीत तुरीची डाळ शिजत नसे. दोन-दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा बोटाला टोचायचा. त्यावरून वाडीने तीन वाणी बदलले होते. चौथ्याशी भांडण चालू होतं. चहाचं दूध फाटायचं. त्यासाठी रोज सकाळी गवळ्याचा उद्धार व्हायचा आणि तो बिचारा देवाची शपथ घेऊन थकला होता. साबणाला फेस येत नसे, तर साबण बनावट. नाचता येईना, अंगण वाकडं! बावीत महिन्याच्या महिन्याला जंतुनाशक पावडर पडत होती, जंतू सापडत नव्हते, पाणी चांगलं असल्याचं हिरवं कार्ड पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. मीठ कुणी मोजलंच नव्हतं. तीन तीन वाण्यांना खोटं ठरवणाऱ्या माणसांनी बावीबद्दल एक शब्द काढला नाही.

मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात पाय सुजले. चपलेत जाईनात. पलीकडच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ बंद कर. लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं बंद."

मी केलं. पंधरा दिवस अळणी भात आणि पेज. पंधरा दिवसांनी प्रेशर आणखी वर. बाई रागावल्या.

"मला फसवू नकोस, कुंदा. फसवशील तर बाळाला फसवशील. वरचेवर असं चढत राहिलं तर मूल पोटात राहायचं नाही."

"बाई, देवाशप्पत, चिमूट पण खाल्लेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग कुठून येतंय?" आणि थोड्या वेळाने, "पाणी कुठलं पितेस?"

घरी येईपर्यंत पायांपेक्षा डोकं जड झालं. सासू मागच्या दारी बांगडे चिरत होती. मी पदर खोचून तिच्यासमोर बसले.

"आये, बावीचा पाणी खारा आसा."

तिने आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हळू बोल."

"कित्या हळू? डॉक्टरीणबाई म्हणाली..."

"डॉक्टरीण वाडीत रवता?" तिने विळीवरचा हात थांबवला. "ह्या परत तोंडातसून काढू नको. बाव खारी झाली म्हटलंस काय वाडी पयला काय विचारतली? कोणाच्या पायगुणान? आणि ह्या वर्साक वाडीत नवीन पाय कोणाचो इलो?"

"माझो."

"मगे?"

तिने पुन्हा बांगडा हातात घेतला. मी रागाने उठले. सासू माझी, पोटातलं तिच्या मुलाचं, आणि तिला काळजी लोक काय म्हणतील याची! त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. तिनेही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बातमी आली की वरच्या धरणावरून किनाऱ्याच्या वाड्यांना नळाचं पाणी देणार. ज्या वाडीला पाण्याची अडचण असेल तिने सभेत ठराव करायचा. ज्या वाडीचं पाणी चांगलं, तिचं नाव यादीतून कमी. एकदा कमी झालं की पुढची दहा-पंधरा वर्षं कुणी विचारणार नव्हतं. इतर वाड्यांत धावपळ उडाली. आमच्याकडे तात्यांनी ठराव सभेच्या आधीच लिहून ठेवला: आमच्या वाडीस गोड्या पाण्याची मुबलक सोय असून योजनेची आवश्यकता नाही. कट्ट्यावर वाचूनही दाखवला.

म्हणजे माझं मूल जगलंच, तर याच पाण्यावर वाढणार.

दोन दिवसांसाठी म्हणून मी माहेरी गेले. माझं माहेर खाडीच्या पार मुळाशी, भरतीबरोबर होडीने तीन तासांवर. तिथे डोंगरातून झरा येतो. सकाळी आईने नेहमीसारखी पेज वाढली. मी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आये, मीठ घालूक विसारलंस?"

"नाय गो. रोजच्याइतका घातलंय."

मी पुन्हा घोट घेतला. मग तिला म्हटलं, एक वाटी मिठाशिवाय दे. तीही चाखली. नुसतं पाणी; सासरची बिनमिठाची पेज अशी कधी लागली नव्हती. आई बघतच राहिली. तिला वाटलं, डोहाळे. मी दोनाचे चार दिवस राहिले, आणि निघताना भावाला म्हटलं, "विश्वास, माका पाणी होया. सहा कॅन."

सहा कॅन घेऊन त्याची होडी आमच्या बंदराला लागली तेव्हा सासू किनाऱ्यावर जाळी वाळवत होती.

"ह्या काय?"

"माहेरचा पाणी. डोहाळे लागलेत, आये."

तिने कॅन मोजले. "डोहाळे आसत काय आंघोळ?"

विश्वासला हसू आवरेना. मी मात्र तोंड गंभीर ठेवलं. तिने दोन कॅन स्वतः उचलले आणि पुढे चालायला लागली. एक शब्द नाही. त्या बाईला एवढं कसं गप्प बसता येतं, याचाच मला राग यायचा.

आमच्याकडे रीत आहे. वाडीची सभा सकाळी देवळाच्या मांडवात बसते, आणि दहा वाजता सगळ्यांना पेज दिली जाते. कुणाच्या घरची, ते पाळीने ठरतं. त्या वेळी पाळी आमची होती. पेजेवर बोलायचा मक्ता बायकांचा आणि ठरावावर बोलायचा पुरुषांचा, हेही त्या रीतीतच आलं.

देवळाच्या मागे तीन दगडांच्या चुलीवर मोठा टोप चढवला. वाडीच्या बावीवरून भरून आणलेल्या चार घागरी शेजारीच होत्या. मी त्या बाजूला सरकवल्या आणि कॅनचं बूच काढलं. सासू लाकडं सारत होती. तिने बघितलं. एक कॅन ओतला, दुसरा ओतला, तिसरा ओतला. मला वाटलं आता हात धरील. तिने फक्त एक लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "तांदूळ दोन शेर जास्ती घाल. तात्या दोन वाडगे खाता."

तालुक्याहून साहेब आले होते. पाणीपुरवठ्याचे इंजिनीअर, तरुण पोरगेलासा माणूस, नाव कदम. मांडवात पुरुष पुढे, बायका खांबापलीकडे. तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. आजोबांपासून सुरुवात करून ते गलबतांपर्यंत पोचले तेव्हा पेज तयार झाली, म्हणून ठराव राहिला आणि वाडगे फिरले. सोबत भाजलेल्या बांगड्याचा तुकडा. मी स्वतः वाढत होते. सुजलेले पाय घेऊन एकेकासमोर वाकत होते आणि मनातल्या मनात देवाला दम देत होते, की आज माझ्या बाजूने राहा.

तात्यांनी वाडगा तोंडाला लावला आणि खाली घेतला.

"गो, कोणी रांदल्यान ही पेज?"

"मी, तात्यांनू."

"मीठ खय आसा?"

दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "अळणी झाली गो!" खांबापलीकडून कुणी तरी म्हणालं, "मीठ विसारली काय ती?" मग सगळीकडून. पाण्यासारखी लागते, तोंडात चव नाही, सुनेला पेज जमत नाही. तात्यांनी मिठासाठी हात पुढे केला. "हाड गो मीठ. लोकांका असा कोण वाढता?"

मी हातातला डाव खाली ठेवला.

"मीठ नाय देवचंय, तात्यांनू. आपल्या वाडीत पेजेत मीठ घालनत नाय."

तात्यांचा हात तसाच पुढे राहिला.

"माका ह्या घरात येवन तिसऱ्या दिवशी शिकवलेला हा," मी म्हटलं. आवाज मी आणखी मोठा केला. "खोटा वाटता तर विचारा. प्रभावतीकाकी, तुमच्याकडे पेजेत मीठ घालतत?"

प्रभावतीकाकी आमच्या शेजारची. ती गोंधळली. "नाय बा. आमी कधी घालनव नाय."

"सुमतीवयनी, तुमी?"

"नाय."

"कोण घालता? एकान तरी सांगा. वाडीत एक तरी घर दाखवा, जय पेजेत मीठ पडता!"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. साहेबांनी वाडगा मांडीवर धरून ठेवला होता.

"मगे आज अळणी कशी लागता?" मी विचारलं. "तोच तांदूळ, तोच टोप, तीच चूल. मीठ रोज नाय, आज पण नाय. फक्त पाणी माझ्या माहेरच्या झऱ्याचा आसा. रोज चव खयसून येता? सांगा माका, तात्यांनू. तुमच्या तोंडाक विचारा!"

एकेकाने पुन्हा वाडगा तोंडाला लावला. चाखून बघत होते. प्रभावतीकाकी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाय माझे," आणि तोंडावर हात ठेवला.

तात्यांचा चेहरा लाल झाला. आजोबांची बाव होती ती. मला आज कळतं की त्या माणसाचं काय चाललं असेल. तेव्हा मला काही कळून घ्यायचं नव्हतं.

"बाव खारी झाली म्हणतंस तू?" ते म्हणाले. "शंभर वर्सां गोडी होती. खारी झाली आसात तर कोणाच्या पायगुणान झाली, ता पण बघूचा लागात. तू कधी इलंस गो ह्या वाडीत?"

सासूने सांगितलं होतं ते हेच. पण भीती वाटायच्या ऐवजी माझं डोकंच फिरलं.

"माझ्याच!" मी ओरडले. "माझ्याच पायगुणान झाली म्हणा! साहेब, तुम्ही लिहून घ्या. कुंदा सदानंद कुबल वाडीत आली आणि विहीर खारी झाली. घ्या माझी सही. नाव वायट होवंदे, पण पोराक पाणी गोडा होया!"

साहेबांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांना काय लिहावं कळेना.

"तिच्या पायगुणान न्हय."

आवाज खांबापलीकडून आला. माझी सासू उठून उभी राहिली होती. कपाळावर चुलीची राख, हातात अजून फुंकणीचं नळकांडं. पुरुषांच्या सभेत मी तिला त्याआधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं, आणि वाडीनेही ऐकलं नसावं.

"शेवंती, तू बस," तात्या म्हणाले.

"बसतंय. सांगान बसतंय." ती खांब ओलांडून पुढे आली. "वाडीत पेजेत मीठ पयला मी सोडलंय. अकरा वर्सां झाली. ही माझी सून तेवा शाळेत जाय होती. तिच्या पायाक ह्या वाडीची धूळ पण लागाक नव्हती."

"अकरा?" तात्या म्हणाले.

"अकरा. एक दिवस पेज खारट झाली. म्हटला, माझोच हात जड पडलो. दुसऱ्या दिवशी कमी घातलंय. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. म्हयन्यान घालूचाच लागला नाय. माझ्या जिभेक कळला, तात्यांनू. पण मी गप रवलंय. सदूचो बापूस जावन तीन म्हयने झाले होते. बावीर जायन तर बायका सावली चुकयत. बाव खारी झाली म्हटला असता, तर तुमी काय म्हणाला असतात? रांडमुंडेन बाव बाटयली! म्हणा आता. मी हय उभी आसंय."

तिने फुंकणी मागच्या शेतांच्या दिशेने केली.

"आणि त्याच वर्साक आणखी काय झाला, ता पण सांगा साहेबांक. वाडीच्या मागच्या शेतात सुंगटांची तळी खणली. खाडीचा खारा पाणी आणून भरला, बावीपासून हाकेच्या अंतरार. बावीक माझो पाय लागलो नाय. बावीक तळ्यांचा पाणी लागला."

कोळंबीच्या त्या तळ्यांवर वाडीतले सहा-सातजण कामाला होते. देवळाला रंग तळ्यांच्या मालकाने लावून दिला होता, त्याच रंगाच्या खांबाला टेकून पुरुष बसले होते. त्यांतल्या एकाने मान खाली घातली.

प्रभावतीकाकी उठली. "आमच्याकडे पण तेवाच सुटला. माका वाटला, शेवंतीकडे घालनत नाय, म्हणजे ती रीतच आसतली." मग सुमतीवहिनी उठली. मग आणखी दोघी. कुणी म्हणाली नऊ वर्षं झाली, कुणी म्हणाली दहा. एकीने एकदम विचारलं, "म्हणजे त्या वाण्याची डाळ बरी होती?" आणि बायकांत हसू फुटलं. हसता हसता एकजण रडायलाही लागली. तिच्या घरचं मीठ सुटलं त्याच साली तिची सून सातव्या महिन्यात मोकळी झाली होती, मूल राहिलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "ज्यांना योजना हवी त्यांनी हात वर करा." सासूने फुंकणीच वर केली. बायकांचे हात आधी, मग पुरुषांचे. तळ्यांवरच्या सहा-सातजणांतले चार.

तात्यांनी हात वर केला नाही. त्यांनी वाडगा उचलला आणि ती अळणी पेज शेवटच्या शितापर्यंत संपवली. मग खिशातून तो लिहून ठेवलेला ठराव काढला, चार घड्या घातल्या आणि रिकाम्या वाडग्याखाली ठेवून दिला.

टोप घासताना मी सासूला विचारलं, "आये, तुमका ठावक होता, तर पयल्या दिवशी माझो हात कित्या धरलात?"

"घातलं असतंस तर पेज खारट झाली असती. मगे तू विचारलं असतंस. तुझा तोंड मी मागणीक इलंय तेवाच बघलेला, ता गप बसणारा न्हय." तिने टोप पालथा घातला. "माझ्यावेळेक माझो हात धरूक कोण नव्हता गो. म्हणान तुझो धरलंय."

इतके महिने मी त्या हाताला काय काय म्हटलं होतं, ते आठवून मला तिच्याकडे बघवेना.

बाळंतपण होईपर्यंत विश्वास दर चार दिवसांनी पाण्याचे कॅन पोचवत राहिला. प्रेशर उतरलं. मुलगी झाली, अडीच किलोची, आणि आवाज असा की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही पण सभा गाजवणार. तळ्यांशी आमचं भांडण आणखी सहा वर्षं चाललं, ती वेगळी गोष्ट. नळ मात्र एकोणीस महिन्यांत आला.

त्या दिवशी सकाळी मी नळाच्या पाण्याची पहिली पेज चढवली. मुलगी पायात घोटाळत होती. तांदूळ फुटला, पेज दाटली, आणि मी सवयीने टोप उतरवायला फडकं घेतलं. सासूने माझं मनगट धरलं. तिसऱ्या दिवशी धरलं होतं तसंच, तेवढंच घट्ट. आणि तो हात तिने मिठाच्या बरणीकडे नेला.

"घाल," ती म्हणाली. "आता कोण तुझो हात धरता, ता मी बघतंय."